खोक्यावरचं बारीक अक्षर : कमी पैशातल्या गेमिंग पीसीबद्दल वाचकांचे प्रश्न

घरी जुळवायच्या गेमिंग पीसीबद्दल आलेल्या प्रश्नांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पैसे कमी पडतात ही सगळ्यांचीच तक्रार आहे. पण पत्रं नीट वाचली की दिसतं, बहुतेक ठिकाणी घोळ झालाय तो खोक्यावरचं एखादं अक्षर नाहीतर आकडा नजरेतून सुटल्यामुळे.

प्रश्न : मॉनिटर, कीबोर्ड, माउस आहेत. बाकीचा पीसी जुळवायचाय. पैसे कशावर किती घालावेत? ‘प्रोसेसर तगडा घे, कार्ड काय, नंतरही बदलता येतं’ असं सगळे सांगतात.

उत्तर : गेमिंगसाठी हा सल्ला उलटा आहे. स्क्रीनवर दिसणारं चित्र ग्राफिक्स कार्ड रंगवतं आणि बहुतेक गेममध्ये दम त्याचाच आधी संपतो. कार्ड कमकुवत असेल तर महागडा प्रोसेसर त्याची वाट बघत बसतो.

आधी मॉनिटर बघा. तो १०८०पी आणि ६० हर्ट्झचा असेल तर चार कोअरचा कोअर आय३ १२१००एफ हा प्रोसेसरसुद्धा बहुतेक गेममध्ये सेकंदाला ६० फ्रेम्स (चित्रं) पुरवतो. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल आणि तुम्ही मुख्यतः ऑनलाइन नेमबाजीचे गेम खेळत असाल, तर मात्र प्रोसेसरला मान द्यावा लागतो. अशा गेमची चित्रं हलकी असतात, पण प्रत्येक फ्रेमचा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो. तिथे सहा कोअरच्या खाली उतरू नका.

हातातल्या पैशाचे शंभर भाग करा. ग्राफिक्स कार्डाला ३८, प्रोसेसरला १८, मदरबोर्डला १२, रॅमला १०, एसएसडीला ९, एसएमपीएसला (वीज पुरवणारा डबा) ८ आणि उरलेले ५ कॅबिनेटला. हे आकडे ढोबळच समजा, कारण रॅम आणि एसएसडीचे भाव फार वरखाली होतात. ते चढलेले असतील तर कात्री कॅबिनेटला आणि मदरबोर्डला लावा. एसएमपीएसला हात लावू नका; का, ते पुढे येतंच आहे.

कमी पैशात नीट जमणारी जोडी म्हणजे रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६००. प्रोसेसरला सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट आणि खोक्यातच कूलर. कार्डावर ८ जीबी मेमरी, १३२ वॅटची भूक आणि आठ पिनांची एकच केबल. बोर्ड बी५५० चिपसेटचा मिळाला तर उत्तम, पण ए५२० वरही हे जोडपं सुखाने नांदतं. इंटेलच घ्यायचा तर कोअर आय५ १२४००एफ. त्याचे बोर्ड घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. एलजीए १७०० सॉकेटचे (प्रोसेसर बसतो ती खाच) बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात, नावं जवळपास सारखीच असतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही.

रायझन ५६०० बसतो ते सॉकेट म्हणजे एएम४. ‘एएम४ जुनं झालं’ ही तक्रार खरी आहे. ते सॉकेट २०१६ सालचं. २०२२ मध्ये एएम५ आलं आणि त्याला डीडीआर५च लागते. दोन-तीन वर्षांत त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर चढवण्याचा पक्का बेत असेल तर एएम५ला जास्तीचे पैसे द्यावेत. पण बहुतेक लोक मध्ये फक्त कार्ड बदलतात आणि प्रोसेसर बदलायची वेळ येते तेव्हा बोर्डही बदलतात. तुम्ही त्यांतले असाल तर एएम४वर वाचलेले पैसे कार्डात घाला.

प्रश्न : ‘बॉटलनेक कॅल्क्युलेटर’वर माझी जोडी १८ टक्के बॉटलनेक दाखवते. बदलू का?

उत्तर : नका बदलू. बॉटलनेक म्हणजे एका भागामुळे दुसरा अडून राहणं. त्या टक्क्याला काही अर्थ नाही, कारण एकच पीसी एका गेममध्ये कार्डापाशी अडतो आणि दुसऱ्यात प्रोसेसरपाशी. स्वतः तपासा. गेम चालू असताना कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के दिसत असेल तर मर्यादा कार्डाची आहे आणि हीच अवस्था चांगली. कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. तरीही फ्रेम्स वाढल्या नाहीत तर अडथळा प्रोसेसरचा किंवा रॅमचा. हे बघताना व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेम्सची मर्यादा आधी बंद करा, नाहीतर निष्कर्ष चुकेल.

प्रश्न : आत्ता रायझन ५ ५६००जी घेतो, त्यातल्या ग्राफिक्सवर भागवतो आणि चार-सहा महिन्यांनी कार्ड लावतो. शेवटी ५६०० आणि ५६००जी एकच ना?

उत्तर : नाही. इथे एका अक्षराने पुष्कळ फरक पडतो. ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ एमबी आहे, ५६००जी मध्ये १६. गेमना ही कॅश आवडते. शिवाय ५६००जी कार्डाशी पीसीआयई (कार्डापर्यंतचा डेटाचा रस्ता) ३.०च्या वेगाने बोलतो, ५६०० मात्र ४.०ने. म्हणजे सहा महिन्यांनी कार्ड लावल्यावर तुमच्याकडे दुय्यम प्रोसेसर राहील. शक्य असेल तर सहा महिने थांबून एकदमच घ्या, किंवा एखादं जुनं कार्ड उसनं आणून वेळ मारून न्या.

वर्षभर कार्ड येणारच नसेल तर ‘जी’ ठीक आहे. मात्र रॅमच्या दोन स्टिक लावा. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तो रॅमवरच जगतो, आणि एका स्टिकवर त्याची अक्षरशः उपासमार होते.

असाच एक छुपा रुस्तुम म्हणजे रायझन ५ ५५००. नावावरून ५६००चा धाकटा भाऊ वाटतो, पण मुळात तो ग्राफिक्स काढून घेतलेला ‘जी’ आहे : १६ एमबी कॅश, पीसीआयई ३.०. स्वस्त मिळाला तर घ्या, पण काय घेतोय ते माहीत असू द्या. एएम५वर ८५००जी तर कार्डासाठी फक्त चार लेन (डेटाच्या वाटा) सोडतो. पुढे कार्ड लावायचं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. इंटेलच्या नावामागच्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. कार्डाविना तो पीसी चालू होईल, पण स्क्रीनवर काही दिसणार नाही.

प्रश्न : चार जीबीचं आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात मिळतंय. माझा बोर्ड बी४५० आहे. घेऊ का?

उत्तर : या बोर्डावर तर नकोच. कार्डाची पट्टी बाहेरून पूर्ण लांबीची दिसते, पण डेटाच्या लेन चारच आहेत. पीसीआयई ४.०वर त्या चार लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी डेटा जातो. बी४५० देतो पीसीआयई ३.०, म्हणजे निम्मा. कार्डावरची ४ जीबी मेमरी भरेपर्यंत हे जाणवत नाही. ती भरली की उरलेली टेक्स्चर्स (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) मुख्य रॅममधून आणावी लागतात आणि सगळी वाहतूक त्या अरुंद बोळातून होते. सरासरी फ्रेम्सचा आकडा बरा दिसतो, पण वळणावर, दारातून आत शिरताना, नवा भाग लोड होताना गेम अडखळतो. भरीला या कार्डावर व्हिडिओ एन्कोडर नाही, त्यामुळे गेम रेकॉर्ड करायचा तर तो भार प्रोसेसरवर येतो.

आरएक्स ६६००लाही सोळा नाही, आठच लेन आहेत. पण ८ जीबी मेमरीमुळे जुन्या बोर्डावरही त्याचं फारसं बिघडत नाही. ६५०० एक्सटी आधीच घेतलं असेल तर गेममध्ये टेक्स्चर मध्यम किंवा कमी ठेवा आणि मेमरीचा वापर साडेतीन जीबीच्या आत राहील असं बघा. इतर सेटिंग त्या मानाने चढी ठेवता येतात.

प्रश्न : कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा एसएमपीएस आला आहे. आरएक्स ६६०० चालेल ना? जोरात गेम चालू असताना पीसी आपोआप रिस्टार्ट होतो, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

उत्तर : संबंध असण्याचीच शक्यता जास्त. खोक्यावरचा मोठा ‘५००’ विसरा आणि एसएमपीएसच्या अंगावरच्या लेबलात १२ व्होल्टचा रकाना शोधा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जवळपास सगळी वीज याच रेषेतून घेतात. तिथे लिहिलेल्या अँपिअरला १२ने गुणा. खऱ्या ५०० वॅटच्या एसएमपीएसवर ४०च्या आसपास अँपिअर असतात, म्हणजे ४८० वॅट. कॅबिनेटसोबत येणाऱ्यांवर बऱ्याचदा १६ ते २० दिसतात, म्हणजे १९२ ते २४० वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रेषांवर दाखवून बेरीज फुगवलेली असते.

आता तुमची गरज. कार्ड १३२ वॅट, ५६०० पूर्ण भारात ७६ वॅटपर्यंत, पंखे, एसएसडी, बोर्ड आणि रॅम मिळून ५० धरा. झाले सुमारे २६०. त्यातही कार्डाची भूक एकसारखी नसते. काही मिलिसेकंदांसाठी ती एकदम उसळते, तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं आणि पीसी रिस्टार्ट होतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या वेळची ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. ती एवढंच सांगते की पीसी नीट बंद न होता रिस्टार्ट झाला. म्हणून हा एसएमपीएस बदला. चांगला ४५० वॅटचाही पुरतो. पुढे मोठं कार्ड येणार असेल तर ५५०.

‘८० प्लस ब्रॉन्झ’ या बिल्ल्याचा अर्थ वीज कमी वाया जाते, एवढाच. आतली संरक्षणं त्यावरून कळत नाहीत. ओव्हर-व्होल्टेज, ओव्हर-करंट आणि शॉर्ट-सर्किट संरक्षण लिहिलंय का आणि वॉरंटी किती वर्षांची आहे, हे बघा. कंपनी ज्याला पाच वर्षांची वॉरंटी देते त्यावर तिचाही थोडा विश्वास असतो.

आणखी एक खूण सोपी आहे. ग्राफिक्स कार्डासाठी ६+२ पिनांची केबल एसएमपीएसलाच नसेल, तर तो अशा कार्डासाठी बनलेलाच नाही. जुन्या मोलेक्स केबलला जोडणी लावून आठ पिना तयार करू नका. तो सांधा तापून वितळतो. प्रोसेसरची आठ पिनांची केबल कार्डाच्या केबलसारखी दिसते, पण त्यांचं धन-ऋण उलटं असतं. बसत नसेल तर जोर करू नका. आणि मॉड्यूलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या मॉडेलला कधीच लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची मांडणी प्रत्येक मॉडेलची वेगळी असू शकते. प्लग नीट बसतो, आणि एसएसडी जळते.

प्रश्न : १६ जीबीची एक स्टिक घेऊ की ८-८च्या दोन? दुकानदार म्हणतात, एक घ्या, पुढे वाढवता येईल.

उत्तर : दोन. एका स्टिकवर रॅमचा अर्धा रस्ता बंद राहतो आणि प्रोसेसरवर अवलंबून असणाऱ्या गेममध्ये ते लगेच दिसतं. बोर्डाला चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. पहिल्या दोन शेजारशेजारच्या खाचांत बसवल्या तर बऱ्याच बोर्डांवर एकच चॅनेल चालतो.

डीडीआर४मध्ये ३२०० वेगाची, सीएल१६ची जोडी घ्या. ती लावल्यावर आपोआप ३२००ने धावेल असं मात्र नाही. बायोसमध्ये (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) जाऊन एक्सएमपी चालू करावं लागतं. काही एएमडी बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. तोवर ती २१३३ किंवा २४००वरच चालत राहते आणि अनेकांची वर्षानुवर्षं तशीच चालते. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर वेग बघून खात्री करा. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका, ते निम्मा आकडा दाखवतं.

प्रश्न : हार्ड डिस्कवर भागेल का?

उत्तर : विंडोज आणि चालू गेम एसएसडीवरच हवेत. जुने गेम, चित्रपट, फोटो यांना हार्ड डिस्क चालेल. एसएसडी ५०० जीबीपेक्षा १ टीबीची घ्या, कारण आता एकेक गेम १०० जीबी ओलांडतो आणि काठोकाठ भरलेली स्वस्त एसएसडी लिहिताना फार मंदावते. एम.२ आकाराची प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई (जलद जोडणीची) नसते, साटाही (जुन्या, संथ जोडणीची) असते. बोर्डाची खाच दोन्हींपैकी काय घेते ते माहितीपुस्तिकेत बघा. काही बोर्डांवर एम.२ची खाच भरली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

प्रश्न : सेकंडहँड आरएक्स ५८०, ८ जीबी, अगदी कमी पैशात देऊ करतायत. खाणकामात वापरलेलं असेल तर?

उत्तर : क्रिप्टोच्या खाणकामात वापरलेलं कार्ड मेलेलंच असतं असं नाही. झिजतात ते पंखे, सुकते ती थर्मल पेस्ट, आणि मेमरीचं आयुष्य तापमानावर ठरतं. काहींच्या बायोसमध्ये फेरफार केलेला असतो, त्यामुळे गेममध्ये ती लटपटतात.

कार्ड चालू पीसीत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आधी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. शेडर (कार्डातले गणित करणारे भाग) २३०४ दिसले तर खरं ५८०. २०४८ दिसले तर ती त्याच नावाने विकली जाणारी कमी ताकदीची आवृत्ती आहे. मग २० ते ३० मिनिटं एखादी कठीण चाचणी चालवा. स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकोन, रेषा दिसल्या तर तिथेच नमस्कार करा. पंख्यांचा खडखडाट ऐका आणि मागचे सगळे पोर्ट एकेक करून मॉनिटरला लावून बघा, मेलेला पोर्ट नंतरच सापडतो. हॉटस्पॉटचं (चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू) तापमान दाखवणारं नवं कार्ड असेल तर ते आणि साधं तापमान यांतलं अंतर बघा. ते २५-३० अंशांच्या पुढे गेलं असेल तर पेस्ट बदलायला झाली आहे.

आमचं मत विचाराल तर ५८० आता फक्त फारच हात आखडता असेल तेव्हा. ते १८५ वॅट खातं, म्हणजे १३२ वॅटच्या आरएक्स ६६००पेक्षा कितीतरी जास्त, आणि काम त्याहून कमी करतं. सेकंडहँडच घ्यायचं तर थोडे पैसे घालून ६६०० शोधा.

प्रश्न : ऑफिसमधून निघालेला, चौथ्या पिढीचा आय५ असलेला जुना ब्रँडेड पीसी मिळतोय. त्यात कार्ड टाकून गेमिंग होईल?

उत्तर : होईल, पण मर्यादा आधी मोजा. अशा पीसीत बहुधा एसएमपीएस छोटा असतो आणि त्याची बोर्डाकडे जाणारी केबल कंपनीची स्वतःची असते, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस थेट लागत नाही. म्हणून कार्ड खाचेतूनच वीज घेणारं हवं, म्हणजे ७५ वॅटच्या आत. जीटीएक्स १६५०च्या केबल न लागणाऱ्या आवृत्त्या किंवा ७० वॅटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी. कॅबिनेट चपटं असेल तर कार्ड अर्ध्या उंचीचं लागतं, आणि खोक्यात अर्ध्या उंचीची पट्टी आहे का तेही बघा. आरएक्स ६४०० आकाराने छान बसतं, पण पुन्हा तेच : चार लेन, आणि इथे बोर्ड पीसीआयई ३.०चा.

दुसरी अडचण विंडोजची. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, टीपीएम २.०सह (सुरक्षेची चिप). काही ऑनलाइन गेमची फसवेगिरी-विरोधी (अँटी-चीट) यंत्रणा विंडोज ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय गेम उघडूच देत नाही. तेव्हा ऑफिसचाच पीसी घ्यायचा तर आठव्या पिढीच्या मागे जाऊ नका.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, नवं कार्ड लावलं, तरी हलणारं चित्र पूर्वीसारखंच वाटतं.

उत्तर : केबल कुठे लावली आहे? मदरबोर्डाच्या पोर्टला असेल तर काढून कार्डाच्या पोर्टला लावा. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६०वरून १४४ करा. तो बऱ्याचदा आपणहून बदलत नाही. यादीत १४४ दिसतच नसेल तर डिस्प्लेपोर्टची केबल वापरून बघा.

प्रश्न : सगळं जुळवलं. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी. काय जळलं असेल?

उत्तर : बहुधा काहीच नाही. मॉनिटरची केबल कार्डाला आहे ना, आणि मॉनिटरवर तोच इनपुट निवडलाय ना, हे आधी. मग बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ४+४ पिनांची केबल बघा. ही सर्रास विसरली जाते आणि तिच्याविना पंखे मजेत फिरत राहतात. कार्डाची स्वतःची केबल लावली आहे का? रॅमची स्टिक दोन्ही टोकांना ‘टक्’ वाजेपर्यंत दाबली आहे का?

तरी नाही झालं तर एकच स्टिक दुसऱ्या खाचेत ठेवून चालू करा. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (कार्ड), बूट असे चार बारीक दिवे असतील तर कुठला पेटून राहतो ते बघा, शोध तिथूनच सुरू करा.

बोर्ड बी४५० आणि प्रोसेसर ५०००च्या मालिकेतला असेल तर संशय बायोसवर घ्या. तो बोर्ड त्या प्रोसेसरच्या आधीचा आहे, आणि जुन्या बायोसला हा प्रोसेसर ओळखूच येत नाही. बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवर नवी फाइल, पुस्तिकेत सांगितलेल्या नावाने ठेवून ते काम प्रोसेसरशिवाय होतं. बटण नसेल तर जुना प्रोसेसर लावून अपडेट करावं लागेल, म्हणून विकत घेतानाच बायोस नवा करून मागा.

एवढ्यानंतरही काळोखच असेल तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. फक्त प्रोसेसर, कूलर, एक स्टिक आणि कार्ड. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून चालू करा. बाहेर चालला आणि कॅबिनेटमध्ये चालत नसेल तर आत एखादा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा खांब) नको त्या जागी आहे आणि बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतोय.

या सगळ्यात एएम४चा कूलर काढायची वेळ आली तर सरळ वर ओढू नका. थंड पेस्ट चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी चालू होत असेल तर थोडा तापू द्या, बंद करा आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे पिळत सोडवा.

एएम५ आणि डीडीआर५ असेल तर हे सगळं करण्याआधी दहा मिनिटं नुसते थांबा. पहिल्यांदा चालू झाल्यावर बोर्ड रॅमशी जुळवून घेतो आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. बटण दाबून पुन्हा पुन्हा बंद-चालू केलं की ते काम प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू होतं.